सिलिकॉनचा कान: आठ महिने रोज लावल्यानंतर

अपघातात माझा डावा कान गेला, त्याजागी सिलिकॉनचा कान लावायला लागून आता आठ महिने झालेत. करून घ्यायचा विचार असेल त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय.

माझा मॅग्नेटवाला आहे. कानामागच्या हाडात टायटॅनियमचे दोन इम्प्लांट, म्हणजे छोटे स्क्रू, बसवले, त्यांच्यावर कान मॅग्नेटने धरून राहतो, आणि हाड ते घट्ट धरेपर्यंत चार महिने नुसतं थांबायचं होतं, तो काळ मला फार जड गेला. ऑपरेशन नको असेल तर चिकटवायचा पण मिळतो, पण घामाने सुटू शकतो.

उजव्या कानाचं माप घेऊन त्याची आरशातल्यासारखी उलटी प्रत मेणात कोरली. तो मेणाचा कान लावून मला चष्मा घालायला लावला, मग बोला, हसा, तोंड मोठं उघडा, कारण जबडा हलला की कानापुढची कातडी सरकते आणि तिथे फट पडते. मग रंग! खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बसवून कान बनवणाऱ्या ताई थेंब थेंब रंग सिलिकॉनमध्ये मिसळत होत्या, पाळीला वेगळा, वरच्या कडेला वेगळा, आतल्या खळग्यात जरा तांबूस, आणि त्यात लाल-निळे अगदी बारीक धागे टाकले, त्या शिरा. मी बघतच राहिले. अख्खा दिवस गेला पण खरेपणा सगळा तिथेच येतो, घाई करू देऊ नका.

चष्मा, मास्क आता नीट बसतो, केस बांधून बाहेर जाते. आवाज कुठून येतोय तेही मला आधीपेक्षा बरं कळतं.

आता त्रास. कडा कागदासारख्या पातळ असतात म्हणून त्वचेत मिसळून जातात, पण कडेला धरून ओढला की फाटतो, माझा दुसऱ्याच महिन्यात मागून जरासा फाटला. जाड भागाला धरूनच काढायचा. रात्री काढून ठेवायचा, साबणाने धुवायचा, हेअर डाय लागू द्यायचा नाही, डाग जात नाही. आणि इम्प्लांटभोवती मऊ ब्रशने रोज साफ करायचंच, मी प्रवासात चार दिवस टाळलं तर तिथे सूज येऊन पू झाला आणि दहा दिवस कान लावता आला नाही, खूप रडले तेव्हा.

उन्हाळ्यात मी रापले, कान तसाच गोरा राहिला. दीड-दोन वर्षांनी नवा करावाच लागतो म्हणे, तेव्हा दोन रंगांत करून घेणार आहे, एक उन्हाळ्यासाठी. मेणाच्या कानावरून केलेला, सिलिकॉन ओतायचा साचा चांगला राहिला तर तोच परत वापरता येतो, त्यामुळे तो जपून ठेवायला आधीच सांगून ठेवा.