काकाकुवा ॲपिस्टोग्रामा : नऊ महिन्यांच्या संगोपनानंतर

पुण्यातल्या आमच्या घरी, दोन फूट लांब आणि फूटभर रुंद-उंच अशा टाकीत, गेले नऊ महिने ॲपिस्टोग्रामा काकाटुऑइडिस या बुटक्या सिक्लिडची (सिक्लिड म्हणजे मुख्यतः गोड्या पाण्यातल्या माशांचे एक कुळ) जोडी आहे. हा मासा मूळचा पेरूकडच्या ॲमेझॉन खोऱ्यातला. नराच्या पाठपराचे पुढचे लांब काटे उभारले की काकाकुवाच्या तुऱ्याची आठवण होते, आणि त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. नर जेमतेम आठ सेंटिमीटरचा, मादी पाचेक. स्वभाव मात्र अस्सल सिक्लिडचा, हद्दीसाठी भांडणारा.

याचा पहिला धडा महागात पडला. एक नर आणि दोन माद्या म्हणून विकत घेतलेल्या तिघांपैकी एक ‘मादी’ दीड महिन्यात नर असल्याचे कळले, कारण या जातीतले कोवळे नर सहज माद्यांमध्ये खपून जातात. एवढ्याशा टाकीत दोन नर नांदत नाहीत. फाटक्या शेपटीने तो फिल्टरमागे दडून बसू लागला, तेव्हा त्याला मित्राकडे हलवावे लागले.

सामानाचा खर्च तुलनेने थोडा झाला. स्पंज फिल्टर, बॅटरीवरही चालणारा एअर पंप, बारीक धुतलेली वाळू (हे मासे वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांवाटे चाळतात, म्हणून टोकदार खडी नको), देशी बदामाची वाळलेली पाने आणि गुहा म्हणून तोंडापाशी खाच पाडलेल्या दोन करवंट्या, एवढ्यावर भागले. खरी कसोटी पाण्याची होती. आमचे नळाचे पाणी मृदू आहे. पण एप्रिलमध्ये सोसायटीत टँकर येऊ लागले आणि टीडीएस मीटरवरचा (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आकडा 110 वरून 480 वर गेला. तेव्हापासून टँकरच्या पाण्यात आरओचे पाणी निम्म्याने मिसळून, दर आठवड्याला पंचवीस टक्केच पाणी बदलतो.

विणीचे दिवस पाहण्याजोगे असतात. मादी एरवी फिकट, करडी. अंडी घातली की ती हळदीसारखी पिवळीधमक होते आणि अंगावरचे काळे डाग ठळक उठतात. अंडी करवंटीच्या छताला चिकटवलेली असतात. दोन-तीन दिवसांत ती फुटतात आणि पुढच्या आठवड्याच्या आतच पिल्ले बाहेर पोहू लागतात. वाट चुकलेले पिल्लू ती तोंडात धरून घोळक्यात परत सोडते, आणि दुप्पट आकाराच्या नरालाही जवळ फिरकू देत नाही. पहिले दोन्ही पोरवडे मात्र हातचे गेले, कारण तळाशी वावरणारे आणि रात्री पिल्ले टिपणारे कोरी मासे मी टाकीतच ठेवले होते आणि मादीची सगळी राखण रात्रीच्या अंधारात निष्फळ ठरत होती. तिसऱ्या वेळी कोरी हलवले, रोज मिठाच्या पाण्यात आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची) अंडी उबवून ताजे खाद्य दिले आणि एकोणीस पिल्ले जगली.

ही वीण ऐन उन्हाळ्यातली होती. पंखा लावूनही टाकीचे पाणी 29 अंशांखाली उतरत नव्हते, आणि ॲपिस्टोग्रामांच्या पिल्लांची सुरुवातीची वाढ उष्ण पाण्यात झाली की नर जास्त निपजतात. एकोणिसांपैकी चौदा नर निघाले. त्यातल्या तिघांना घरे मिळाली आहेत. उरलेल्या अकरांचे तुरे उभे राहण्याआधी त्यांची सोय लावायची आहे.