वागळे इस्टेटचं ‘लडाख चेकअप’: तपासणी घ्या, पिशवी तिथेच सोडा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका मल्टिब्रँड गॅरेजात ‘लडाख चेकअप’ नावाचं पॅकेज मिळतं. त्यात तीन गोष्टी येतात: गाडीची चाळीस मुद्द्यांची तपासणी, ‘फॅमिली किट’ नावाची पिशवी आणि मनालीमार्गे लेहचा छापील कार्यक्रम. मजुरी पॅकेजात, सामानाचे पैसे वेगळे. तिन्हींच्या दर्जात इतका फरक आहे की सगळ्यांना मिळून एकच रेटिंग देता येत नाही.

तपासणीतले निम्मे मुद्दे भरतीचे आहेत. वायपर, हॉर्न, एसीचा गारवा वगैरे. पण दोन कामं इथे नीट होतात आणि डोंगरात नेमकी तीच लागतात.

पहिलं ब्रेक ऑइल. चढावर गाडी दमते, पण जिवावर बेततं ते उतारावर. लेहजवळची खारदुंग ला ही खिंड (‘ला’ म्हणजे खिंड) ५,३५९ मीटरवर, लेह ३,५०० वर. मधला चाळीसेक किलोमीटरचा रस्ता सगळा उताराचा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरलेलं मात्र १५५ च्या आसपासच उकळू शकतं. नळीत वाफ झाली की पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. ठाण्याच्या दमट हवेत दोन वर्षं झालेलं ऑइल बदलायचंच, त्यात चर्चा नको. हे लोक पेनसारखा टेस्टर बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीत बुडवून दाखवतात. दाखवायला छान आहे, पण तो फक्त वरच्या डबीतलं ऑइल मोजतो. खरं सडलेलं ऑइल चाकाजवळच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागात असतं. चारही चाकांना ब्लीडिंग करून घ्या, म्हणजे चाकाजवळून जुनं ऑइल पूर्ण बाहेर काढून घ्या, आणि तिथल्या निपलमधून चहाच्या रंगाचं येणं थांबून स्वच्छ पिवळसर येईपर्यंत शेजारी उभे राहा. नुसतं डबीतलं उपसून नवं ओतलं तर तो टॉपअप झाला, बदल नाही.

दुसरं कूलंट. मुंबई-ठाण्यात कमी झालं की नळाचं पाणी ओतायची सवय आहे, इथे कधी त्रास होत नाही म्हणून. वर दोन्ही बाजूंनी त्रास. साडेपाच हजार मीटरच्या जवळपास पाणी ८२-८३ अंशांना उकळतं आणि रात्री शून्याखाली गोठतं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी या मिश्रणाला उणे ३५ पर्यंत भीती नाही. इथे रिफ्रॅक्टोमीटरवर (मिश्रणात कूलंट किती ते मोजणाऱ्या यंत्रावर) थेंब टाकून आकडा दाखवतात, हे फार कमी ठिकाणी होतं. पण रेडिएटरची कॅप तपासत नाहीत. इंजिनातलं पाणी उकळू न देण्याचं काम त्या कॅपच्या दाबावर चालतं. रबर चिरलेलं असेल तर उत्तम कूलंटही चढावर बाहेर फेकलं जातं. कॅप स्वस्त मिळते, सरळ नवी टाका.

आता राहिलेल्या गोष्टी. सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाडी सीएनजी आहे का, हे कोणी विचारतच नाही. ठाण्यातल्या निम्म्या अर्टिगा वर्षभर सीएनजीवर पळतात आणि पेट्रोल फक्त सकाळी स्टार्ट करण्यापुरतं जळतं. पंप आणि इंजेक्टर पडून पडून धरतात. मनालीच्या पुढे सीएनजी मिळणार नाही, म्हणजे जी बाजू वर्षभर वापरली नाही तिच्याच भरवशावर टांगलांग ला (५,३२८ मीटर) चढायचा. निघण्याआधी तीन-चारशे किलोमीटर नुसत्या पेट्रोलवर चालवा. धक्के, मिसिंग असेल तर घोडबंदर रोडवर कळलेलं बरं. शिवाय सिलिंडरनं डिकी खाल्लेली असते. मग बॅगा टपावर जातात आणि वळणावर गाडी झुलते. पाच माणसं असतील तर दोन बॅगा कमी घ्या.

क्लच बघण्यासाठी मेकॅनिक गाडी एकट्यानं तीन हात नाक्यापर्यंत नेऊन आणतो. यातून काही कळत नाही. घरची पाचही माणसं बसवून, एसी लावून येऊरचा चढ चढा आणि चढावरच थांबून पुन्हा उचला. जळका वास आला किंवा आवाज वाढून गाडी पुढे सरकली नाही, तर प्लेट गेलीच. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही त्याच प्रमाणात पडते. मग चालक अर्धा क्लच दाबून चढवतो आणि उरलीसुरली प्लेट तिथे संपते.

टायरबद्दल यांचा सल्ला चुकीचा आहे: ‘वर हवा फुगते, पाच पाउंड कमी ठेवा.’ हिशोब बघा. ठाण्यात ३० अंशांना ३३ भरली, तर शून्य अंशाला ५,३०० मीटरवर गेज ३५-३६ च्या आसपास दाखवेल, कारण उंचीनं जे वाढतं त्यातलं बरंचसं थंडी खाऊन टाकते. इथून कमी करून निघालात तर सुरतेच्या हायवेवर टायर नाहक तापतील. दारावरच्या स्टिकरवरचा आकडाच ठेवा. स्टेपनीतही. आणि टो हुक (गाडी ओढायला लावायचा हुक) टूलकिटमध्ये आहे का ते बघा. जुन्या गाड्यांत तो बऱ्याचदा हरवलेला असतो.

किट घेऊ नका. टो पट्टा आणि पंक्चरच्या वाती तेवढ्या कामाच्या, त्या सुट्याही मिळतात. ऑक्सिजनचा डबा दिसायला मोठा, पण आत दहा-बारा लिटर. मिनिटाला दोन लिटर धरले तर पाच-सहा मिनिटांचा खेळ. त्यानं विरळ हवेच्या त्रासातली डोकेदुखी जरा थांबेल आणि खाली उतरायचा निर्णय लांबेल, हाच त्यातला धोका. ऑक्सिमीटर ठीक आहे, पण गार बोटावर, नेलपॉलिश किंवा मेंदी लावलेल्या बोटावर भरवसा ठेवू नका. लेहला पोचल्यावर पहिल्या दिवशी ऑक्सिजनचा आकडा ९० च्या खाली दिसला म्हणून आजीला घाबरवू नका, पण बसल्या जागी धाप लागत असेल किंवा चालताना झोक जात असेल तर आकडा न बघता खाली न्या. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, ठाण्यातच डॉक्टरांना विचारून घ्या. सल्फाची अ‍ॅलर्जी, बीपीच्या गोळ्या आणि मुलांचं वजन आधी सांगा. पिशवीतला पेट्रोलचा कॅन तर नकोच. मनाली-लेह रस्त्यावरच्या टांडीच्या पंपावर टाकी गच्च भरली की ४५ लिटरमध्ये लेह गाठता येतं. मुलं बसलेल्या गाडीत पेट्रोलचा वास कशाला?

छापील कार्यक्रम सगळ्यात वाईट. एक रात्र मनाली (२,०५०), दुसरी सरचू (४,२९०). एका दिवसात बावीसशे मीटर वर झोपायचं! तीन हजारांच्या वर झोपायची उंची रात्रीला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम. मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर श्रीनगरमार्गे जा: श्रीनगर १,५८५, मग कारगिल २,६७६, मग लेह, वाटेत सगळ्यात उंच फोटू ला, ४,१०८, आणि तिथे झोपायचं नसतं. मनालीनंच जायचं असेल तर सरचूच्या अलीकडे, खालच्या जिस्पाला दोन रात्री काढा आणि सरचूला न थांबता पहाटे निघून लेह गाठा. दिवस लांबतो, पण रात्र सुखाची जाते.

याच कागदावर लेहच्या दुसऱ्या दिवशी पँगाँग मुक्काम आहे. पँगाँग ४,२०० च्या वर, आणि तिथे रात्री कोणी आजारी पडलं तर लेहला परतायला आधी चांग ला चढावा लागतो, म्हणजे उतरायच्या आधी आणखी हजारभर मीटर वर. लेहला निदान दोन रात्री काढा, मग नुब्रा (हुंदर लेहपेक्षा खाली आहे), पँगाँग शेवटी. घरच्यांचे मोबाइल प्रीपेड असतील तर निघण्याआधी एक तरी पोस्टपेड करून घ्या. बाहेरचं प्रीपेड तिकडे चालत नाही.

गाडी निघण्याच्या पंधरा दिवस आधी टाका, आदल्या शुक्रवारी नको. ब्लीडिंग राहिलं असेल किंवा होज नीट बसला नसेल तर पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये कळतं. आणि बिल भरण्याआधी जुने ब्रेक पॅड मागून घ्या. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त मटेरियल शिल्लक असेल तर ते बदलायची घाई का केली, हे विचारा.