कोल्हापूरच्या थंडीला स्वेटर कोणता: लोकर, ॲक्रिलिक, सुती की फ्लीस?

कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा साधारण १४-१५ अंशांवर येतो आणि दुपारी परत २८-३० वर जातो. दहा वाजले की स्वेटर अंगातून गाडीच्या डिकीत. त्यामुळे सगळ्यात उबदार कोणता, हे विचारून इथं फारसं काही हाती लागत नाही. स्वेटर घालून तुम्ही चालणार, गाडी चालवणार की बसून राहणार, ते आधी ठरवा.

दुकानातले बहुतेक स्वेटर ॲक्रिलिकचे, म्हणजे कृत्रिम धाग्याचे असतात. ‘कॅशमिलॉन’ हे नाव ऐकून काश्मिरी लोकर समजू नका, तेही ॲक्रिलिकच. आतल्या शिवणीतल्या लेबलवर टक्केवारी बघा. लेबल नसेल तर शिवणीतला सुटा धागा मागून घ्या आणि दुकानाबाहेर पेटवून बघा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत बाजूला केली की विझते, राख बोटांनी चुरते. ॲक्रिलिक भडकून जळतं आणि टोकाला कडक काळी गाठ राहते. शुद्ध लोकरीचं वुलमार्क हे चिन्ह १९६४ पासून आहे, पण मिश्र लोकरीसाठी त्याचीच वेगळी चिन्हं असतात, तेव्हा खालचा मजकूरही वाचा.

लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा शोषते तरी अंगाला ओली लागत नाही, म्हणून घाम आला तरी ऊब टिकते. ॲक्रिलिक घाम शोषत नाही. तो आतच राहतो आणि गाडीवर बसल्यावर गार पडतो. उलट धुण्यात ॲक्रिलिक सोपं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि मोठ्या माणसाचा स्वेटर लहान मुलाला बसेल इतका आटतो. ॲक्रिलिकला कोपरावर आणि काखेत गोळे लवकर धरतात. लोकरीला कसर लागते, ॲक्रिलिकला सहसा नाही.

लोकर टोचते ही तक्रार खरी आहे, पण ती जाड तंतूची. मेरिनो मेंढीचा तंतू साधारण १७ ते २४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. ३० च्या पुढं गेला की बहुतेकांना टोचतो. आपल्याकडची दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. घोंगड्याला ती उत्तम, अंगालगतच्या स्वेटरला नाही.

रंकाळ्यावर सकाळी भरभर चालणाऱ्यांनी सुती स्वेटर टाळावा. घामानं भिजतो, जड होऊन लोंबतो, वाळायला वेळ लावतो. पातळ फ्लीस (पॉलिएस्टरचं मऊ, लवदार कापड) आणि पुढं पूर्ण चेन हे इथं सरस, कारण दुसऱ्या फेरीला चेन उघडून घेता येते.

दुचाकीवाल्यांची गोष्ट वेगळी. स्वेटरची ऊब विणीत अडकलेल्या हवेची असते. वेगानं येणारा वारा तीच हवा काढून नेतो. जाडजूड केबल विणीचा (दोरखंडासारख्या पिळांचा) स्वेटर घालूनही शिरोली एमआयडीसीत पहाटेच्या पाळीला जाणारा कुडकुडतो तो यामुळंच. १२ गेजचा, म्हणजे इंचाला १२ सुयांच्या मशिनवर विणलेला पातळ स्वेटर आणि वर साधा विंडचीटर, ही जोडी एका जाड स्वेटरपेक्षा चांगली. हाफ स्वेटरही चालतो, पण विंडचीटर पूर्ण बाहीचाच हवा.

रात्रीच्या लाइटवर उसाला पाणी पाजायला जाणारे आणि गुऱ्हाळात चुलवाणापुढं बसणारे यांनी ॲक्रिलिक आणि फ्लीस दोन्ही बाजूला ठेवावेत. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतात. पाणी पाजताना पेटवलेल्या शेकोटीलाही हाच धोका. इथं जुनी लोकर बरी, मग ती दिसायला कशी का असेना!

आजी-आजोबांना गळ्यातून घालायचा स्वेटर देऊ नका. खांदा वर जात नसेल तर रोज सकाळी हाल होतात. पुढून उघडा, मोठ्या बटणांचा, दोन खिशांचा आणि शक्यतो लोकरीचा घ्या. बसून राहणाऱ्याला ऊब जास्त लागते.

तान्ह्या बाळाला सुती किंवा मऊ ॲक्रिलिक द्या. गळ्याशी लांब नाडी नको, आणि केसाळ लोकर अजिबात नको; तिचे तंतू नाकातोंडात जातात. मानेमागं हात लावून बघा, घाम असेल तर स्वेटर काढा.

शाळेच्या स्वेटरचा रंग शाळाच ठरवते. माप एकच नंबर मोठं घ्या, दोन नंबर मोठा घेतला तर बाह्या डब्यात बुडतात.

हातानं विणून घ्यायचा असेल तर पुरुषाच्या पूर्ण बाहीच्या स्वेटरला साधारण ५०० ग्रॅम लोकर लागते, हाफला ३०० च्या आत काम होतं. बॉर्डर १२ नंबरच्या बारीक सुयांवर आणि अंग १० नंबरवर विणलं की कड घट्ट बसते. सगळी लोकर एकाच रंग-लॉटची, एकदमच घ्या. नंतर आणलेल्या लडीचा पट्टा उन्हात वेगळा दिसतो.

मापासाठी छातीचा घेर मोजून पातळ स्वेटरला २ इंच, शर्टावर घालायच्या जाड स्वेटरला ४ इंच वाढवा. लोकरीचा स्वेटर गार पाण्यात रिठ्यानं किंवा लोकरीच्या द्रव साबणानं धुवा, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवा पसरून वाळवा. दोरीवर टांगला तर खांद्याला शिंगं येतात. फेब्रुवारीत ठेवताना धुऊनच ठेवा, कारण कसर घामाच्या आणि खरकट्याच्या डागांपासून सुरू होते. डांबरगोळ्या कापडात बांधून ठेवा, थेट लोकरीवर टाकू नका.