मेळघाट की नवेगावबांध? ग्रॅव्हल सायकलचे दोन दिवस कुठे द्यावेत

थंडी पडायला लागली की ओळखीचे सायकलवाले विचारू लागतात : ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरही चालणारी रुंद टायरची सायकल, घेतली आहे, शनिवार-रविवार मोकळा आहे, मेळघाटात जाऊ की गोंदियाकडे नवेगावबांधला? मी अमरावतीचा, त्यामुळे उत्तर मेळघाट असणार असं लोक धरूनच चालतात. दोन्हीकडे माझ्या तीन-चार फेऱ्या झाल्या आहेत. सायकल तीच, ४० मिलिमीटरचे ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर तेच, सामानही जवळपास तेवढंच. म्हणून निदान माझ्यापुरती तुलना करता येते.

चढ हवा असेल तर विदर्भात मेळघाटाला तोड नाही. परतवाड्याहून धामणगाव गढीच्या वाटेने निघालं की चिखलदऱ्यापर्यंत साधारण सातशे मीटर चढावं लागतं. घाट डांबरी आहे, पण मोथ्याला पोचता पोचता हवा बदललेली असते आणि खाली सपाटीवर संत्र्याच्या बागांचे हिरवे चौकोन दिसत राहतात. मोथ्याला गवळ्यांकडचा खवा खाऊन पुढे निघावं. चिखलदऱ्याच्या पलीकडे काटकुंभ-चुरणीच्या बाजूला कोरकू गावांना जोडणारे मुरमाचे तुकडे आहेत, आमच्या सायकलींसाठीच केल्यासारखे. सेमाडोहकडे उतरलात तर सिपना नदी भेटते. कोलकासजवळ ती वळण घेते, तिथे पुलापाशी दहा मिनिटं उभं राहून सागाच्या पानांचा आवाज ऐकला नाही अशी माझी एकही फेरी नाही.

नवेगावबांधला असं काही नाही. चढ म्हणावा असा चढ नाही. टेकड्या आहेत, तलावाभोवतीच्या डोंगरांना तिथले लोक सात बहिणी म्हणतात, पण रस्ता त्यांना वळसा घालून जातो. पायांना आव्हान हवं असेल तर तुमचा हिरमोड होईल, हे आधीच सांगून ठेवतो.

तिथे आहे ते पाणी आणि पाण्याकाठच्या वाटा. भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात कोहळी समाजाने पिढ्यान् पिढ्या तलाव बांधले. नवेगावचा बांधही कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. गावोगावी माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, आणि त्यांच्याखाली बोड्या, म्हणजे लहान लहान तळी. तलावाच्या पाळीवरून सायकल घातली की एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला खाली धानाच्या बांध्या. पाळ संपली की नहराच्या कडेची वाट, मग रानातला तुकडा, मग पुढच्या गावची पाळ. अर्जुनी मोरगाव, गोठणगाव, तिथली तिबेटी वसाहत आणि पुढे गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण, असा फेरा दोन दिवसांत आरामात होतो. नोव्हेंबरअखेर धान कापलेलं असतं, खळ्यावर मळणी चाललेली असते आणि सगळ्या वाटेवर तणसाचा वास असतो.

आता ज्या गोष्टीने माझा कौल नवेगावकडे फिरला ती सांगतो : काळी माती.

मेळघाटच्या डोंगरात तिचा त्रास कमी, पण डोंगराच्या पायथ्याशी पोचेपर्यंत तीच ती. एका डिसेंबरात मी अमरावतीहूनच सायकलने निघालो. हायवे टाळायचा म्हणून चांदूर बाजारच्या पुढे पांदण, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट, धरली. आदल्या रात्री अवकाळी पाऊस पडून गेला होता, सकाळी लख्ख ऊन होतं, वरून जमीन सुकलेली दिसत होती. तीसेक मीटर गेलो असेन. मागचं चाक जड झालं, मग पुढचं, आणि मग दोन्ही फिरायचीच थांबली. टायर आणि फ्रेमच्या मधल्या फटीत माती गच्च भरली होती. त्यात पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, काडी, तुरीचा पाला आणि गवत मिसळून गिलावा केल्यासारखा थर बसला होता. बोटाने निघेना. धुऱ्यावरची पऱ्हाटी उपटून तिच्या बुडख्याने खरवडलं, वीस पावलं ढकललं, पुन्हा खरवडलं. बुटाखालचे, पेडलमध्ये अडकणारे क्लीट बुजले, प्रत्येक पाऊल दोन किलोचं झालं. सायकल खांद्यावर घ्यावी तर तीही मातीने दुप्पट जड झालेली. त्या नादात साखळीत माती ओढली गेली, मागचा डिरेल्युअर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, स्पोकमध्ये गेला आणि तो फ्रेमला जोडणारा हँगर तुटला. तीन किलोमीटरला साडेतीन तास लागले.

शेवटी एका मळ्यात काकांनी विहिरीवरची मोटर लावून दिली आणि स्वतः पाइप धरून सायकल धुतली. म्हणाले, ‘या मातीत बैलबंडी फसते भाऊ, तुमची सायकल कशी चालन?’ काकूंनी ज्वारीची भाकर आणि ठेचा दिला. माणसं आमच्याकडची अशीच, त्याबद्दल दोन्हीकडे सारखेच गुण. पण हँगर परतवाड्यात मिळाला नाही आणि चिखलदरा त्या वेळी राहून गेला.

एकदाच झालं असतं तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं. पुढच्या वर्षी पाऊस पडून दोन दिवस झाले होते, तरी सखल भागात तोच प्रकार झाला. ही माती बसाल्टची. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, आणि ते पाणी लवकर सोडत नाही. कपाशीसाठी हे वरदान आहे. दख्खनचा बसाल्ट पूर्वेकडे साधारण नागपूरपर्यंत येऊन संपतो, पुढे जुने ग्रॅनाइट-नाइस खडक लागतात आणि मातीचा रंगच पालटतो. नवेगावच्या बाजूला वाटा बहुतेक मुरमाच्या आणि तांबूस, भुरकट मातीच्या आहेत.

तिथेही मला रात्रीचा पाऊस गाठून गेला आहे. सकाळी भीत भीत पाळीवर सायकल घातली. ओल्या मुरमावर टायरची नक्षी उमटली आणि तिथेच राहिली, चाकाबरोबर वर आली नाही. मागे वळून ती रेघ पाहिली, तेव्हाच माझं ठरलं.

अर्थात पूर्वेकडे चिखल नाहीच असं नाही. पवनी-लाखांदूरकडे वैनगंगेच्या काठी चौरास भागात काळी कन्हार माती आहे, तिथे पावसानंतर जाऊ नये. धानाच्या बांधीत उतरलात तर तीही पाय धरून ठेवते. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तो भाग मी टाळतोच.

काटे दोन्हीकडे आहेत. बाभळीचा काटा ट्यूबलेसमध्ये बहुधा सीलंट, म्हणजे टायरमधला भोक बुजवणारा द्रव, सांभाळून घेतो, माझा अनुभव तरी तसा आहे. वाघही दोन्हीकडे आहेत. मेळघाट पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी, नवेगाव-नागझिरा २०१३चा. दोन्ही ठिकाणी गाभ्यातल्या रस्त्यांवर सायकल घालण्याचा विचार करू नका, सार्वजनिक रस्ते आणि गावच्या वाटाच धरा. सूर्य चांगला वर आल्यावर निघा आणि मावळायच्या आत गावात या. पूर्वेकडे अस्वलाचं भान जास्त ठेवावं लागतं, विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो तेव्हा. फुलं वेचणाऱ्या बाया पहाटे ज्या झाडाखाली असतात, त्याच झाडाखाली तेही येतं.

पोचण्याचं म्हणाल तर तिथेही पारडं थोडं नवेगावकडेच झुकतं. गोंदिया-बल्लारशाह लाइनवर अर्जुनीला उतरलं की स्टेशनबाहेरच राइड सुरू. अचलपूरची शकुंतला ही नॅरोगेज गाडी बंद पडल्यापासून परतवाड्याला रेल्वेने जाण्याची सोय उरलेली नाही. सायकल गाडीच्या टपावर बांधूनच जावं लागतं.

तरीही तुम्ही घाटाचे शौकीन असाल तर मेळघाटच करा, माझ्या मातीच्या गोष्टीने अडू नका. फक्त सायकल परतवाड्यापर्यंत गाडीतून न्या आणि तिथून डांबरी घाटाने वर चढा. पाऊस झाला असेल तर चार कोरडी उन्हं जाईपर्यंत पांदणीत शिरू नका. सुटा हँगर आणि एक लाकडी उलथणं फ्रेमबॅगमध्ये ठेवा. लोखंडी नको, फ्रेमचा रंग खरवडला जातो.

मी येत्या डिसेंबरात अर्जुनीलाच उतरणार आहे. गोठणगावच्या अलीकडे टपरीवर एक मावशी आहेत, मागच्या वेळी लांबूनच म्हणाल्या होत्या, ‘चहा घेता का जी, अमरावतीवाले?’ इटियाडोहच्या पलीकडची नहराची वाट त्या वेळी अर्धी राहिली होती, तिथून पुढे जायचं आहे.