पीआरवाल्या (म्हणजे जनसंपर्कवाल्या) मॅडमचा रविवारचा करिअर कोर्स : आठेक महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगते, 'कोर्स केला की मॅडम कुठेतरी चिकटवतील' या आशेने फी भरणार असाल तर राहू द्या. ब्रोशरवर 'इंडस्ट्री कनेक्ट' असं ठळक छापलंय, पण पहिल्याच रविवारी त्यांनी सांगून टाकलं की माझ्या फोनमधले नंबर माझे, तुमचे तुम्ही कमवा. अर्ध्या वर्गाचे चेहरे पडले. मलाही लागलं, खोटं कशाला बोलू. पण आज रोजच्या कामात जे उपयोगी पडतंय ते त्या नंबरांपेक्षा वेगळंच आहे, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसले.

माझं सांगायचं तर एम.ए. समाजशास्त्र, राहायला डोंबिवली, कोर्स संपल्यावर चेंबूरच्या एका छोट्या संस्थेत कम्युनिकेशनचं काम मिळालं (जाहिरात बघून अर्ज केला, त्यात मॅडमचा हात नाही). संस्था वस्तीतल्या मुलींसाठी अभ्यासिका चालवते. मॅडम पीआरमध्ये वीसेक वर्षं आहेत, आधी एजन्सी, मग एका कंपनीत कॉर्पोरेट कम्युनिकेशन, आणि त्या सगळ्याच्या आधी थोडा काळ एका मराठी पेपरच्या डेस्कवर. माझ्या मते हे शेवटचंच सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्या जे काही शिकवतात ते पलीकडे बसलेल्या माणसाच्या खुर्चीत बसून शिकवतात. वर्ग दादरला, मुलं एम.ए., एम.कॉम., एमएस्सी, सगळी मिक्स.

सगळ्यात जास्त पैसे वसूल झाले ते प्रेस नोटमध्ये. त्या खऱ्या आलेल्या प्रेस नोटा नावं खोडून आणायच्या. त्यातली एक "सालाबादप्रमाणे यंदाही"ने सुरू होणारी, मग मान्यवरांच्या शुभहस्ते दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग कोणाकोणाची प्रमुख उपस्थिती, आणि पार चौथ्या परिच्छेदात दडलेलं की शिबिरात तपासलेल्या बऱ्याच बायकांचं हिमोग्लोबिन फारच कमी निघालं. मॅडमनी लाल पेनने वरचे तीन परिच्छेद आडवे मारले आणि म्हणाल्या, "अगं, दिवा लावला ही काय बातमी झाली? बायकांच्या अंगात रक्त नाही ही बातमी आहे, आणि ती तुम्ही शालीखाली झाकून ठेवलीय." मग प्रत्येकाने ती नोट तिथेच बसून नव्याने लिहायची, मेलचा विषय मोबाइलच्या स्क्रीनवर न तुटता मावेल एवढाच, फाइल वर्डची आणि युनिकोडमध्ये टाइप केलेली. पीडीएफ नको, लेटरहेडचा फोटो तर अजिबात नको, कारण डेस्कवर कोणालातरी तो सगळा मजकूर परत टाइप करावा लागतो आणि संध्याकाळी पानं लागत असताना ते कोणी करत बसत नाही, सरळ पुढची नोट उघडतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर क्वालिटी मरते. फोटोओळीत 'डावीकडून' करून नावं. आणि सहानंतर "मेल मिळाला का?" विचारायला फोन केलात तर तुमचा नंबर लक्षात राहील, पण चांगल्या कारणासाठी नाही.

हे वाचून वाटेल की या बारीकसारीक गोष्टींसाठी फी? तेव्हा वर्गातही बऱ्याच जणांची हीच कुरकुर होती. आमच्या मुलींच्या दहावीच्या निकालाची नोट मी याच पद्धतीने पाठवली, एका पेपरात आतल्या पानावर लागली, छोटीशीच, पण पहिला परिच्छेद जसाच्या तसा. संस्थेच्या सरांचा पहिला प्रश्न, "माझं नाव कुठंय यात?" दुसरा प्रश्न, एवढी जागा जाहिरातीच्या रेटने केवढ्याला पडली असती, तेवढं रिपोर्टमध्ये लिही. याला एव्हीई म्हणतात आणि मॅडमना त्याचा भयंकर राग. 2010 मध्ये बार्सिलोनाला याच धंद्यातल्या लोकांनी जगभरातून जमून ठरवलं की जाहिरातीचा दर म्हणजे पीआरची किंमत नव्हे, तरी मागणारे मागतातच, असं त्या म्हणायच्या. म्हणून मी रुपयांच्या जागी बातमी वाचून किती पालकांनी फोन केले आणि त्यातल्या किती मुली अभ्यासिकेत यायला लागल्या ते लिहिलं. सरांचं समाधान झालं असं नाही, पण पुढच्या रिपोर्टला त्यांनी आपणहून फोनचे आकडे मागितले.

क्रायसिसचं, म्हणजे कंपनी अडचणीत आली की काय बोलायचं त्याचं म्हणाल तर 1982 चं टायलेनॉल (अमेरिकेत या वेदनाशामक गोळ्यांत कोणीतरी विष मिसळलं होतं) सगळेच शिकवतात, यांनी ते झटक्यात उरकलं आणि कॅडबरीवर मुक्काम ठोकला. ऑक्टोबर 2003, दिवाळीच्या तोंडावर मुंबईत चॉकलेटमध्ये अळ्या, महाराष्ट्राचं एफडीए (अन्न व औषध प्रशासन) मागे लागलेलं, कंपनीचं सुरुवातीचं म्हणणं की दुकानदार माल नीट ठेवत नाहीत. वर्गाचे तीन गट पाडले, एकाने रिपोर्टरला उत्तर द्यायचं, एकाने दुकानदाराला, एकाने स्वतःच्याच सेल्समनला, वेळ अगदी थोडा. दुकानदार झालेला एम.कॉम.चा मुलगा इतका चिडला की "म्हणजे चोर मीच का?" म्हणून उठून उभाच राहिला, त्याच्या काकांचं खरंच किराणा दुकान आहे हे नंतर कळलं. तिथे मला समजलं की एकाला पाठवलेलं उत्तर बाकीचे दोघं पण वाचतातच. पुढे कंपनीने दुकानदारांना सोबत घेतलं, 2004 मध्ये पॅकिंग बदललं, अमिताभ बच्चन जाहिरातीत आले, हे सगळं त्यांनी आम्ही घाम गाळून झाल्यावर सांगितलं.

पगाराचा रविवार मात्र प्रत्येकाने करावाच, पीआर गेलं खड्ड्यात. फळ्यावर महिना 35 हजार सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) लिहिलं आणि एकेक कापत गेल्या. बेसिक साडेसतरा धरलं तर पीएफचे 12 टक्के कंपनीचे, तेवढेच तुमचे, दोन्ही त्यातूनच, ग्रॅच्युइटीचे 4.81 टक्के पण त्यातच धरलेले, वर महाराष्ट्राचा प्रोफेशनल टॅक्स 200 (फेब्रुवारीत 300), म्हणजे हातात तीस हजार पण नाही. मग जोडीने मॉक एचआर कॉल. "एक्स्पेक्टेशन काय?" विचारल्यावर गप्प बसायची प्रॅक्टिस, खरंच, गप्प बसायची. आपल्याकडे पैशांचं बोलायला इतकं अवघड जातं की समोरचा थांबला की आपणच आकडा खाली आणतो. मी ऑफर लेटर आल्यावर आधी पगाराचं ब्रेकअप (कशाचे किती ते) मागितलं आणि प्रवासखर्च वेगळा मिळवला. आकडा फार नाही, डोंबिवली-चेंबूरचा पास आणि रिक्षा निघते.

आता तक्रारी. सोशल मीडियाचा भाग जुनाट आहे. इन्फ्लुएन्सरवर एकच रविवार, त्यात एएससीआयच्या (जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था) 2021 च्या गाइडलाइन्स वाचून दाखवल्या आणि संपलं, पण रील करणाऱ्या मुलीशी रेट कसा ठरवायचा, करारात काय लिहून घ्यायचं यावर काहीच नाही, आणि आम्हाला नोकरीत पहिल्या महिन्यातच ते लागतं. चॅटजीपीटीबद्दल "वापरा, पण आकडा आणि नाव स्वतः तपासा" एवढंच, बरोबर आहे पण पुरत नाही. बॅच फार मोठी घेतात, त्यामुळे लाल पेन सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, जे पुढे बसतात आणि वही पुढे करतात त्यांचीच नोट तपासली जाते. लाजाळू असाल तर मागे बसून नुसते चहा-बिस्किटाचे धनी व्हाल.

ऑफिसबद्दल न बोललेलं बरं, सर्टिफिकेटसाठी इतक्या चकरा मारायला लावल्या की मी नाद सोडला, इंटरव्ह्यूत कोणी मागितलंही नाही. आणि क्लास रविवारी असल्याने मेगाब्लॉक नशिबात लिहिलेलाच, सकाळी येताना ठीक, दुपारी परतताना डोंबिवली-कल्याणवाल्यांचे हाल.

पुढची बॅच घेणार असाल तर आधी एक रविवार बसून बघा, त्या नाही म्हणत नाहीत. स्वतः लिहिलेलं काहीतरी घेऊन जा, कोरी वही नको. आणि फी दोन हप्त्यांत घेतात, पण काउंटरवर विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.