डॉलर स्टोअर : काय घ्यावे, काय टाळावे

अमेरिकेतील ‘डॉलर स्टोअर’ प्रकारच्या दुकानांत माल स्वस्त मिळतो हे खरे, परंतु तेथील प्रत्येक वस्तू स्वस्त पडतेच असे नाही. डॉलर ट्री या साखळीने २०२१ मध्ये बहुतेक वस्तूंची किंमत एक डॉलरवरून सव्वा डॉलरवर नेली. तरीही शुभेच्छापत्रे, भेटवस्तूंच्या कागदी पिशव्या, काचेच्या साध्या वाट्या आणि सजावटीचे सामान यांसाठी मी आजही प्रथम अशाच दुकानात जाते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे वाण किंवा गणपतीच्या आराशीचे साहित्य तेथे हात आखडता न घेता घेता येते. वाटी मात्र उजेडात धरावी आणि टवका उडालेला नाही ना, हे कडेवरून हलकेच बोट फिरवून पाहावे.

किराणा आणि साबणाच्या बाबतीत अधिक सावध राहावे, कारण पाकीट लहान असल्यामुळेच किंमत कमी दिसते आणि औंसामागे हिशेब केला, तर मोठ्या दुकानातील मोठा डबा पुष्कळदा परवडतो. चार्जरवर यूएल किंवा ईटीएल यांसारखे सुरक्षिततेचे चिन्ह नसेल, तर तो जागेवर परत ठेवावा. विजेच्या वस्तूंत केलेली काटकसर मला मुळीच मान्य नाही.