मोठ्या टचस्क्रीनची गाडी: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

गेल्या दिवाळीत घेतलेली गाडी आता बऱ्यापैकी अंगवळणी पडली आहे. इंजिन, सस्पेन्शन, ॲव्हरेज, कशाबद्दलच तक्रार नाही. मागे आईवडील निवांत झोपतात. लिहायचंय ते डॅशबोर्डच्या मधोमध बसवलेल्या स्क्रीनबद्दल. एसीचं तापमान, पंख्याचा वेग, समोरच्या काचेचा डीफॉगर, सगळं तिच्यातच. फिरवायचा नॉब एकही नाही.

कोरड्या दिवसांत हे खपून गेलं. जुलैमध्ये बोरघाटात नाही. बाहेर धो धो पाऊस, आत चौघंजण, आणि काच बघता बघता धुरकट. डीफॉगर लावायचा तर आधी नकाशाखालच्या एसीच्या चिन्हावर बोट, मग पान उघडायची वाट, मग कोपऱ्यातलं बारीक चिन्ह. तेवढ्यात गाडी खड्ड्यात आदळली की बोट शेजारच्याच चिन्हावर पडतं. पुढे कंटेनर, बाजूला एसटी. शेवटी बायकोने ते केलं. एकटा असलो की घाट लागायच्या आधीच सगळं लावून ठेवतो. जुन्या गाडीत याच कामाला रस्त्यावरून नजर काढावी लागत नव्हती. नॉब कुठवर फिरला ते हातालाच कळायचं.

ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. स्वीडनच्या ‘वी बिलेगारे’ मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० च्या वेगात चार साधी कामं वेगवेगळ्या गाड्यांत करून पाहिली. २००५ च्या बटणांच्या व्होल्व्होत ती १० सेकंदांत, ३०६ मीटरमध्ये उरकली. सगळ्यात मागे राहिलेल्या नव्या गाडीला जवळपास ४५ सेकंद लागले आणि तोवर ती १,३७२ मीटर पुढे गेली होती.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ हातात मोबाइल धरून गाडी चालवणाऱ्याला पहिल्याच वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड करू शकतं, तुरुंगातही पाठवू शकतं. ते योग्यच आहे. मग कंपनीने बसवून दिलेल्या त्याहून मोठ्या स्क्रीनवर चालत्या गाडीत काय काय करावं लागतं, हे कोणी बघायचं? जर्मनीत २०२० मध्ये टेस्लाच्या स्क्रीनवर वायपरचा वेग बदलताना अपघात झालेल्या चालकाचा दंड आणि महिनाभराची वाहनबंदी कार्ल्सरूहच्या न्यायालयाने कायम ठेवली. मला तो निकाल अर्धाच पटतो. वायपर स्क्रीनमध्ये चालकाने घातला नव्हता.

‘लक्ष ठेवणं ही चालकाची जबाबदारी’ असं मित्र म्हणतात. सीटबेल्ट लावणं हीसुद्धा चालकाचीच जबाबदारी, तरी गाडीत तो बसवून देणं कंपनीवर बंधनकारक आहेच ना! गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि एसओएस यांच्या वेगळ्या बटणांना किंवा दांड्यांना गुणांकनात स्थान दिलं. पण ते तारेच, कायदा नव्हे. आपल्या सरकारने सरळ नियम करावा: वायपर, दिवे, डीफॉगर आणि पंखा यांना हाताला लागणारं बटण हवंच. नकाशा, गाणी खुशाल स्क्रीनवर राहू देत. फोन गाडीच्या स्क्रीनला जोडणारं अँड्रॉइड ऑटो चालत्या गाडीत टायपिंग करू देत नाही, ते मला फार आवडतं.

नवी गाडी बघत असाल तर टेस्ट ड्राइव्ह पावसातच मागा. गाडीत चौघं बसा, एसी बंद ठेवा, काच धुरकट होऊ द्या. मग गाडी बाजूला उभी करून, स्क्रीनकडे न बघता डीफॉगर लावता येतो का ते पाहा. नाही आला, तर दुसरं मॉडेल बघा.